नापास वाणाचा लाल तांदूळ

५ जानेवारी, सोमवार

या वहीच्या प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेले आहेत. तारीख, तापमान, ओल, रंग आणि शेरा. कारखान्यातून निवृत्त होताना अशा चार कोऱ्या वह्या आणल्या होत्या, विचारून आणल्या होत्या. एकतीस वर्षं मी खाण्याच्या रंगांच्या कारखान्यात लाल विभागाचा तपासनीस होतो. वाफवलेल्या तांदळावर एक जातीची बुरशी वाढवायची, तांदूळ लालभडक झाला की सुकवून दळायचा आणि त्याचा रंग सॉसवाल्यांना, जॅमवाल्यांना पाठवायचा, असं ते काम. प्रत्येक घाणा माझ्या डोळ्यांखालून जायचा आणि मी शेऱ्याच्या रकान्यात 'पास' किंवा 'नापास' लिहायचो. तिसरा शब्द कधी लिहिला नाही. आज शेरा पाचही रकाने ओलांडून चाललाय.

सकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, लोणी सोडून दोन वर्षं झाली, अंड्याचा पिवळा बलक जिन्यातलं मांजर खातं, मग हे आलं कुठून? तर म्हणाल्या, "खाण्यातून येतं ते थोडं. बाकीचं तुमचं यकृत स्वतःच बनवतं. आणि बरंचसं तुम्ही झोपलेले असता तेव्हा." म्हणजे घरात कुणी काही करत नाही असं मी समजत होतो, तर तेही खरं नाही.

त्यांनी गोळी लिहून दिली. नाव वाचलं. तीच निघाली, ही घ्यायची ती. ही म्हणजे माझी बायको. हिला जाऊन दोन वर्षं आणि वर तीन महिने झाले.

मी म्हटलं, ही गोळी नको, हिचे पाय दुखायचे या गोळीने. ते खरंच आहे. त्यापुढचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तीन महिने मागून घेतले. गोळीशिवाय आकडा खाली आणून दाखवतो म्हटलं. त्यांनी हसून विचारलं, "कसा? लसूण खाऊन?" मी म्हटलं, लसूण करून झालाय या घरात. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि तीन महिने दिले.

७ जानेवारी, बुधवार

लांब्याकडे जाऊन आलो. लांब्या आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, अजून दोन वर्षं नोकरी शिल्लक आहे त्याची. प्रयोगशाळेच्या दारातून गेली पंचवीस वर्षं वाकून आत जातो, म्हणून लांब्या. त्याच्याकडे सगळ्या बुरश्यांचं विरजण बाटल्यांत जपून ठेवलेलं असतं. विरजण हा आमचा कारखान्यातला शब्द.

त्याला सगळं सांगितलं. त्याने कपाटातून सतरा नंबरची बाटली काढली आणि मला हसू आलं. सतरा नंबर मीच नापास केला होता अकरा वर्षांपूर्वी. रंग म्हणजे तांदूळ नुसता लाजल्यासारखा. लांब्या म्हणाला, "रंगाला फिका आहे, पण याच्यात एक द्रव्य तयार होतं. ते पोटात गेलं की यकृतातली कोलेस्टेरॉलची भट्टीच मंद होते. तू रंग बघत होतास, म्हणून तुला दिसलं नाही." मी म्हटलं, मला पगार रंग बघायचाच होता.

अट घातली त्याने. खाण्याआधी नमुना त्याला तपासायला द्यायचा, कारण यातल्या काही बुरश्या मूत्रपिंडाला बाधणारं विषही सोडतात. ते लगेच कळेल. पण ते गुणाचं द्रव्य नक्की किती आहे हे मोजायला त्याचा शुद्ध नमुना बाहेरून मागवावा लागेल, त्याला वेळ जाईल. मी म्हटलं, मोजायची घाई नाही, माझं रक्तच सांगेल.

निघताना म्हणाला, "तू गोळीच का नाही घेत?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

११ जानेवारी, रविवार

शिवणाची खोली उघडली. ही तिथे बसून लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची, पँटच्या चेनी बदलायची. दोन वर्षं दार बंद होतं, कडी मागायला लागली तेल. घरात तीच एक खोली उबदार आणि बेताच्या उजेडाची आहे, ट्रे ठेवायला दुसरी जागा नाही. शिलाई मशीन भिंतीला सरकवलं. खाली एक काळी टाचणी मिळाली, ती तिच्या टाचण्यांच्या उशीत परत खोचली. मग बराच वेळ काही केलं नाही.

खिडकीच्या चौकटीला हिरवा रंग आहे. तो हिने निवडला. निवडला म्हणजे मला विचारलं आणि फोन करून मुलीला विचारलं. कुठलीही गोष्ट ही एकाला विचारून करायची नाही. दोघांना विचारायची, दोघांनी हो म्हटलं की मग कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. दोघांत एकमत नसलं तर ती गोष्ट तिथेच संपायची, चर्चा नाही. मी हिरव्याला हो म्हटलं तेव्हा माझं डोकं वर्तमानपत्रात होतं. रंग लागल्यावर कळलं मला, आणि मी रंगांचा तपासनीस.

अकरा वाजता मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात औषधांच्या कंपनीत असते. आधी त्यांच्याच दुकानात काउंटरवर होती, लोकांना गोळ्या समजावून द्यायची, त्यात हुशार. आई गेल्यावर तीन महिन्यांत तिने गोदामात बदली मागून घेतली. तिथे दिवसभर खोक्यांशी काम, माणसांशी बोलावं लागत नाही म्हणाली. उभं राहून पाय भरून येत असतील, दुसरं काय.

दर रविवारी अकराला फोन येतो आणि सव्वाअकराला संपतो. रक्तदाब किती, झोप लागते का, रिपोर्ट कधी. आज आकडा सांगितला. ती म्हणाली, "गोळी दिली ना? घेतोस ना?"

मी म्हटलं, "घेतो. पण पाय दुखले तर सोडू का गं?" सहज विचारलं, पुढची तजवीज म्हणून.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. आवाज एकदम चढला तिचा. "हे असलं मला कधीच विचारायचं नाही, बाबा. डॉक्टरांना विचार." आणि अकरा वाजून नऊ मिनिटांनी फोन ठेवला. फार्मसी शिकलेली मुलगी, बापाने एक शब्द विचारला तर एवढं फणकारायला काय झालं, देव जाणे.

१५ जानेवारी, गुरुवार

तापमान तीस. ओल बरी. रंग हिरवा. शेरा: नापास. पहिला घाणा गेला, भलतीच बुरशी शिरली. एकतीस वर्षांत मी असा घाणा करणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं असतं. ट्रे उकळत्या पाण्यातून काढायचा राहिला होता, म्हणजे राहिला नव्हता, मी कंटाळा केला.

१६ जानेवारी, शुक्रवार

मुलीकडून पार्सल आलं. गोळ्यांची तीन पाकिटं, वर चिकटवलेली चिठ्ठी: रोज एक, जेवणानंतर. बाकी काही नाही. पाकिटं शिलाई मशीनच्या खणात टाकली. त्या खणात हिच्याही शिल्लक गोळ्या आहेत. तो खण मी पूर्ण उघडत नाही, फटीतून आत सोडतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुसरा घाणा. चौथ्या दिवशी पांढरी लव आली, सहाव्या दिवशी कडेने गुलाबी. आता ट्रेच्या मधोमध लाल उतरतोय. सतरा नंबरला थंडावा लागतो, घाई चालत नाही. आधी थोडी ऊब, मग खोली जरा गार करून नुसतं थांबायचं. माझा हात सारखा हीटरकडे जातो, कारण ऊब दिली की रंग चढतो, आणि मला रंग चढलेला बघायची सवय. हात मागे घेतो. दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने ट्रे झाकायचे, दाणे मोकळे करायचे, वास घ्यायचा. वास बरा आहे, ताज्या पावाच्या जवळचा.

घरात काहीतरी वाढतंय. सकाळी उठल्यावर बघायला जायला एक जागा झाली.

१ फेब्रुवारी, रविवार

लांब्याचा निरोप, विष नाही, बिनघोर खा. शुद्ध नमुना मागवलाय, यायचाय.

फोनवर मुलीला म्हटलं, नवा छंद लावून घेतलाय, तांदूळ पिकवतोय. म्हणाली, "कुठे, गच्चीवर?" मी म्हटलं, "आईच्या खोलीत." तिने विषय बदलला. मग रक्तदाब विचारला.

सुकवलेल्या लाल तांदळाची पूड आजपासून सुरू. रोज सपाट एक चमचा. चव मातकट, शेवटी किंचित कडू. नाव ठेवण्यासारखं काही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. पाव संपला. खालच्या दुकानदाराशी चार वाक्यं बोललो, आजची तेवढीच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तीन आठवडेही झाले नाहीत, पण दम धरवला नाही. रक्तवालीला बोलावलं. ती घरोघर जाऊन रक्त घेते, पाठीला पेटी, बोलणं गाडीच्या वेगाने. माझी लाल बोटं बघून म्हणाली, "काका, मी सुई लावायच्या आधीच रक्त काढून बसलात की." तिला खोली दाखवली. खरं तर दाखवायला कुणी मिळालं याचाच आनंद झाला. तिने वाकून सगळे ट्रे बघितले, वास घेतला, मशीनवर हात फिरवला. म्हणाली, "मशीन काकूंचं ना? माझ्या पहिल्या कोटाचे खिसे त्यांनीच शिवले होते, सुया टोचायच्या नाहीत असे जाड." मला हे माहीतच नव्हतं.

सुई लावताना तिने विचारलं, "काकू ती गोळी घेत होत्या ना कोलेस्टेरॉलची? मला म्हणायच्या, पाय लाकडासारखे होतात."

मी म्हटलं, "हो, घेत होती."

घेत होती. जायच्या दिवसापर्यंत घेत होती असं मुलगीही समजते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

एकशे एक्केचाळीस.

एकशे अठ्ठ्याण्णववरून एकशे एक्केचाळीस. तीनदा कागद वाचला, नाव माझंच आहे. गोळीशिवाय. गोळीशिवाय होतं. मी म्हणत होतो ते उगाच नव्हतं. लसणाने झालं नसेल, पण निसर्गात होतं, फक्त मला माहीत नव्हतं तेव्हा.

कुणाला सांगावं? रविवारला दोन दिवस. शुक्रवारीच मुलीला फोन लावला. तिला वाटलं मला काही झालं, धापा टाकत उचलला. आकडा सांगितला. "वा," ती म्हणाली, "गोळी लागू पडली तुला." तिच्या आवाजात इतकं हायसं होतं की मी खरं सांगितलं नाही. मग पुन्हा म्हणाली, "गोळी लागू पडते, बाबा. वेळेवर घेतली की पडते." शेवटचं वाक्य मला सांगत होती की स्वतःला, समजलं नाही. मग तिला काम होतं.

शेरा: पास. पण गंमत गेली.

४ मार्च, बुधवार

पोटऱ्या धरल्यात. ट्रे खालीवर करून झालं असेल. शिवाय लिफ्ट बंद आहे, चार जिने.

९ मार्च, सोमवार

मांड्याही. सकाळी पलंगावरून उतरताना पाय आपले वाटत नाहीत. वय झालं. लाल तांदूळ चालू, दुसरा घाणा संपत आला, तिसरा छान धरलाय. फिका, पण सारखा. इतका सारखा घाणा मी नोकरीतसुद्धा कमी बघितला.

१४ मार्च, शनिवार

बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. दोन्ही हातांत पिशव्या. तिसरी पायरी, उजवीकडची, तिचा कोपरा जरा उडालेला आहे. तिथेच ही बसायची.

जिन्यात कुणी आलं नाही. दहा मिनिटं बसलो. मांजर येऊन बघून गेलं.

१८ मार्च, बुधवार

लांब्या घरी आला. फोनवर सांगता आलं असतं, पण आला, चार जिने चढून, दारात वाकून. चहा दिला. त्याने खिशातून बोटभर बाटली काढून टेबलावर ठेवली. मागवलेला शुद्ध नमुना. "मोजलं," म्हणाला. "तुझ्या तांदळात ते द्रव्य आहे, चांगलं भरपूर आहे. कारखान्याचा कुठलाच घाणा एवढा निघाला नव्हता. माणूस नापास केलेल्या गोष्टीत एवढा जीव ओतेल असं वाटलं नव्हतं."

मी खूष झालो. मग बाटलीवरचं नाव वाचलं.

गोळीचं नाव होतं.

लांब्या म्हणाला, "तेच आहे ते. गोळीत जे असतं तेच हे. आधी बुरशीतच सापडलं, मग त्याची गोळी झाली. मला वाटलं तुला माहीत असेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, तू पहिलाच फसलेला नाहीस. नैसर्गिक म्हटलं की लोकांना वेगळंच काहीतरी वाटतं."

मी म्हटलं, "हे खाऊन पाय दुखतात का?"

"गोळीने दुखतात तर याने का नाही दुखणार?"

तो पूर्ण कप चहा पिऊन गेला. दार लावायला उठायला मला वेळ लागला.

१९ मार्च

२२ मार्च, रविवार

फोन वाजला, उचलला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलून म्हटलं, सर्दी झालीय, आवाज बसलाय.

२५ मार्च, बुधवार

लिहूनच टाकतो. वाचणारं कुणी नाही.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही बाजारातून येत होतो. ही दुसऱ्या मजल्यावर बसली, त्या उडालेल्या पायरीवर. म्हणाली, पाय उचलत नाहीत, या गोळीने होतंय, काय करू? मी म्हटलं, "एवढं दुखतंय तर सोड ना ती गोळी. लसूण खा, जवस खा, पूर्वी काय लोक गोळ्या खाऊन जगत होते?" तिने सोडली. पाय बरे झाले. ऑक्टोबरात हृदय बंद पडलं. आठ महिने.

तिची दया आली म्हणून म्हटलं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगतोय. दया आली नव्हती. माझ्या हातात जड पिशव्या होत्या आणि सहाला दूरदर्शनवर सामना लागणार होता. मला वर पोचायचं होतं.

मुलीला सांगितलं नाही. अंत्यविधीच्या दिवशी तिने एकदाच विचारलं होतं, "गोळ्या चालू होत्या ना?" मी मान हलवली. होय की नाही हे मलाही कळू नये अशी हलवली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि हा तांदूळ. मला दाखवून द्यायचं होतं की गोळीशिवाय होतं, म्हणजे सोड म्हणण्यात माझं चुकलं नव्हतं. आता माझा आकडा खाली आला तो गोळीनेच. म्हणजे तिचाही राहिला असता. आणि माझे पाय दुखतात, म्हणजे तीही काही नाटक करत नव्हती. इतके दुखतात हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पिशव्या खाली ठेवून शेजारी बसलो असतो, एवढंच. आज ती पायरी रिकामी आहे आणि मला बसायला पुरेसा वेळ आहे.

पूड आजपासून बंद. ट्रे तसेच.

२९ मार्च, रविवार

अकराला मीच फोन लावला. म्हटलं, "ये. फोनवर सांगण्यासारखं नाही." ती म्हणाली, "रिपोर्ट वाईट आहे?" मी म्हटलं, "माझा नाही."

कुणाचा ते तिने विचारलं नाही. म्हणाली, "शनिवारी येते."

तिला कळलं की काय तिच्या बापाने काय केलंय ते? आल्यावर परत जाईल ती कायमची, हे धरूनच चाललोय. रविवारचे अकरा वाजतील आणि फोन वाजणार नाही, याची सवय करायला हवी. पंधरा मिनिटं म्हणजे फार नाहीत, पण आठवड्यात दुसरं काही नाही.

४ एप्रिल, शनिवार

आली. बारीक झालीय. जिन्यावर माझ्या पुढे चालली होती आणि दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबली, त्याच पायरीशी. मला वाटलं दम लागला.

सरळ शिवणाच्या खोलीत नेलं. ट्रे दाखवले, सतरा नंबर, बाटली, सगळं. मग खण पूर्ण उघडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. वर तिने पाठवलेली पाकिटं, एकही न फोडलेलं. खाली हिची, एक अर्धं. ती आधी माझ्या पाकिटांकडे बघत राहिली. "एकही नाही घेतलीस?" म्हणाली.

मी म्हटलं, "ते नंतर बोल. आधी हे ऐक." आणि सांगितलं. पायरी, पिशव्या, सामना, लसूण. सोड म्हटलं ते. काही गाळलं नाही. मी उभा होतो, कारण बसलो असतो तर पुन्हा उठता आलं नसतं.

ती आईच्या स्टुलावर बसली. हिची अर्धी पट्टी हातात घेऊन रिकामी घरं बोटाने चाचपत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू सोड म्हणालास ते. आईनं त्याच आठवड्यात मला फोन केला होता. काउंटरवर गर्दी होती, सात-आठ माणसं रांगेत. म्हणाली, 'बाबा म्हणतात सोड. तू काय म्हणतेस?'" तिला नाक पुसायला काही नव्हतं, मशीनवरची चिंधी घेतली. "मी म्हटलं, 'सोड महिनाभर, मग बघू.' मला माहीत होतं दुसरी गोळी देतात, कमी डोस देतात, डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. रांगेतल्या कुठल्याही बाईला मी हेच सांगितलं असतं. आईला म्हटलं, मग बघू. आणि मग बघितलंच नाही, बाबा."

मी मशीनला धरलं.

"तू अंत्यविधीला मान हलवलीस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, तिनं तुला सांगितलं असणार की मी हो म्हटलं. आणि तू मला सांभाळून घेतोयस. दोन वर्षं मला वाटत होतं, तू दर रविवारी मला सांभाळून घेतोयस."

ही प्रत्येक गोष्ट दोघांना विचारायची. मला ठाऊक होतं, तीस वर्षं ठाऊक होतं, याच वहीत मी लिहिलंय. खिडकीच्या रंगाचं लिहिलंय. गोळीबद्दल तिने दुसऱ्या कुणाला विचारलं असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. सगळं आपल्यामुळेच झालं असं धरून बसलो, त्यातही कुणाला वाटा द्यायला तयार नव्हतो.

मी म्हटलं, "तुझ्याकडे रांग होती." ती म्हणाली, "तुझ्याकडे पिशव्या होत्या." मग ती रडली आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं लाल, ते लक्षात आलं नाही. केसांना पूड लागली.

५ एप्रिल, रविवार

अकरा वाजता दोघंही फोनकडे बघत होतो. तिने विचारलं, "रक्तदाब किती?" मी म्हटलं, "मोज." मोजला. मग हसली, आईसारखी, नाकातून.

तिने शिलाई मशीनला तेल घातलं. तिसरा घाणा मी लांब्याला द्यायचा ठरवलंय, त्याच्या प्रयोगशाळेत ठेवील तो. ट्रे धुतले. हिरव्या चौकटीवर लाल बोटांचे ठसे पडलेत, ते ती पुसायला लागली तर मी राहू दे म्हटलं.

७ एप्रिल, मंगळवार

दोघं डॉक्टरीणबाईंकडे. लाल तांदळाचं ऐकून त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या, निदान तपासून तरी खाल्लात. स्नायूंची तपासणी केली, नुकसान नाही, पाय महिन्यात पूर्ववत होतील. मग मुलीने विचारलं. मी विचारणार नव्हतो. आईने गोळी बंद केली म्हणूनच झालं का ते. बाई म्हणाल्या, "खात्रीने हो म्हणता येणार नाही. खात्रीने नाही, असंही म्हणता येणार नाही. कुणालाच."

आम्ही दोघं ते घेऊन बाहेर आलो. तिची गाडी चारची होती.

३ मे, रविवार

पाय मोकळे झाले. पायरीवर न थांबता वर येतो. आकडा पुन्हा चढलाय, एकशे शहाऐंशी, यकृत आपलं काम चोख करतंय. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी दुसऱ्या जातीची गोळी दिली, लहान डोसाची. पाय दुखले तर स्वतःहून बंद करायची नाही, यायचं, असं दोनदा बजावलं. मी विचारलं, घेऊ ना? म्हणाल्या, घ्या. गोळी दोन दिवस टेबलावर होती.

अकराला फोन आला. रक्तदाब सांगितला. मग म्हटलं, "नवी गोळी दिलीय बाईंनी. तू काय म्हणतेस?"

मला वाटलं, आता फणकारेल. हे मला विचारू नकोस म्हणेल आणि ठेवून देईल.

"घे, बाबा," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मी परत काउंटरवर आहे. पाय दुखले तर फोन कर. गर्दी असली तरी उचलेन."

मी पाणी आणलं. फोन चालूच होता, तिने ऐकू दे म्हटलं.

शेरा: दोघींना विचारलं. दोघी हो म्हणाल्या. घेतली.